तंत्रलेखकांचे वार्तापत्र आणि त्यातील लेख : एक भाषिक विचार

यंत्राबरोबर खोक्यातून जी पुस्तिका येते, तिच्यावर लेखकाचे नाव नसते. कारखानदाराचे नाव असते, यंत्राचा नमुनाक्रमांक असतो, आवृत्ती व मुद्रणाचे वर्षही असते. परंतु पाण्याचा पंप कसा बसवावा, रक्तदाब मोजण्याचे उपकरण कसे वापरावे अथवा संगणकावर हिशेबाची नवी वही कशी उघडावी, हे ज्याने वाक्यावाक्याने जुळवून लिहिले त्या व्यक्तीचा तेथे मागमूसही नसतो. अशा लेखकास तंत्रलेखक म्हणतात. वाचणाऱ्याचे लक्ष यंत्रावर राहावे, लिहिणाऱ्याकडे ते क्षणभरही वळू नये, हाच त्याच्या लेखनाचा मोठा गुण मानला जातो. वीस-पंचवीस वर्षे हा व्यवसाय केलेल्या माणसाची हजारो पृष्ठे छापून झालेली असतात आणि त्यांपैकी एकाही पृष्ठावर तो स्वतः नसतो.

अशा माणसाला त्याच्याच व्यवसायबंधूंच्या वार्तापत्रासाठी लेख लिहावयास सांगितले म्हणजे काय होते, हे भाषेच्या अभ्यासकाने पाहण्याजोगे आहे. बहुधा तो आणखी एक सूचनापुस्तिकाच लिहितो. 'लेखनापूर्वी वाचक निश्चित करावा. वाक्ये लहान ठेवावीत. एका वस्तूस सर्वत्र एकच नाव द्यावे.' ही सर्व विधाने खरी असतात, निर्दोष असतात, आणि वाचकास आधीपासून ठाऊकही असतात. कारण वाचकही त्याच व्यवसायातला असतो. लेख वाचून होतो, पण हाती काही लागत नाही. हा दोष आळसाचा किंवा अज्ञानाचा नव्हे. ज्या भाषिक सवयींमुळे तो मनुष्य आपल्या नित्याच्या कामात यशस्वी होतो, त्याच सवयी येथे त्याच्या आड येतात. त्या कोणत्या आणि त्या का आड येतात, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ह्या वार्तापत्रांची पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात रडार, विमाने, तोफखान्याची नवी उपकरणे इत्यादींचा इतका भडिमार झाला की, ती वापरणाऱ्या सामान्य सैनिकासाठी समजेल अशा भाषेत लिहिणे हे स्वतंत्र काम होऊन बसले. युद्ध संपल्यावर ते काम कारखान्यांत व पुढे संगणकाच्या उद्योगात आले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विद्युत् अभियांत्रिकीचे प्राध्यापक असलेले रेजिनाल्ड कॅप ह्यांचे तांत्रिक माहितीच्या मांडणीवरील पुस्तक १९४८ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच सुमारास तेथे ह्या विषयाचा एक अभ्यासगट उभा राहिला. अमेरिकेत जोसेफ चॅप्लिन ह्यांनी १९४९ साली बायनॅक ह्या संगणकाची पुस्तिका लिहिली. संगणकाच्या पहिल्या पुस्तिकांत तिची गणना होते. १९५३ साली बॉस्टन व न्यूयॉर्क येथे तंत्रलेखकांच्या दोन निरनिराळ्या संस्था निघाल्या, त्या १९५७ साली एकत्र झाल्या, आणि आणखी काही स्थित्यंतरांनंतर १९७१ साली त्या संस्थेने 'सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन' हे नाव धारण केले. तिच्या शाखा गावोगाव, पुढे देशोदेशी निघाल्या. भारतातही तिची शाखा होती. मध्यवर्ती संस्थेचे 'टेक्निकल कम्युनिकेशन' हे संशोधनपर नियतकालिक व 'इंटरकॉम' हे मासिक असे. ब्रिटनमधील संस्थेचे 'कम्युनिकेटर' हे त्रैमासिक आहे. ह्यांच्या खालच्या पायरीवर शाखांची लहानलहान वार्तापत्रे असत. ती चार-आठ पानांची असत आणि दिवसभराची नोकरी सांभाळून कोणी सभासद विनावेतन त्यांचे संपादन करी. प्रस्तुत विषयाचा खरा प्रांत तोच होय.

वार्तापत्रातील लेखाचे स्थान दोन परिचित प्रकारांच्या मधोमध पडते. एका बाजूस सूचनापुस्तिका, दुसऱ्या बाजूस संशोधननिबंध. वरवर पाहता तो दोहोंचे मिश्रण वाटतो. परंतु भाषिकदृष्ट्या तो दोहोंपासून सारखाच दूर आहे.

सूचनापुस्तिकेची भाषा द्वितीयपुरुषी व कालनिरपेक्ष असते. मराठीत तिची तीन रूपे आढळतात. 'बटण दाबा' हा आज्ञार्थ. 'बटण दाबावे' हा विध्यर्थ. आणि 'बटण दाबणे' हे धातुसाधित नाम, जे कचेऱ्यांच्या परिपत्रकांतून यंत्रांच्या फलकांवर उतरले आहे. ह्या तिहींत वाचकाशी असलेले अंतर उत्तरोत्तर वाढत जाते. 'दाबा' म्हणणारा समोर उभा आहे असे वाटते, 'दाबावे' म्हणणारा पंक्तीत वाढणाऱ्या यजमानासारखा थोडा मागे सरलेला असतो, आणि 'दाबणे' म्हणणारा कोणीच नसतो. तेथे केवळ क्रिया शिल्लक राहिलेली असते. तथापि तिहींचे एक साम्य आहे. बोलणारा कोण, त्याला हे कसे कळले, त्याने स्वतः ते बटण दाबून पाहिले आहे काय, हे प्रश्न त्यांपैकी एकाही रूपात उपस्थित होत नाहीत. सूचनेला खरेखोटेपणा नसतो. ती पाळता येते किंवा मोडता येते. 'हे खोटे आहे' असे तिला म्हणता येत नाही. रोमान याकोबसन ह्यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या विख्यात निबंधात भाषेच्या निरनिराळ्या कार्यांचे विवरण करताना, श्रोत्याकडे रोख असलेल्या आज्ञार्थी वाक्याचे हेच वैशिष्ट्य नोंदविले आहे.

संशोधननिबंधात विधाने असतात व ती खरीखोटी ठरू शकतात. परंतु तेथेही कर्ता शक्यतो पडद्याआड ठेवण्याचा रिवाज आहे. मराठीत ह्यासाठी 'ण्यात येणे' ही सोयीची रचना आहे : 'वाचकांच्या मुलाखती घेण्यात आल्या', 'पुस्तिका दोनदा तपासण्यात आली'. व्याकरणकारांनी ज्यास नवीन कर्मणी प्रयोग म्हटले आहे त्यात निदान 'कडून' हे शब्दयोगी अव्यय लावून कर्त्याला दाराशी तरी उभे करता येते. 'ण्यात आले' ह्या रचनेत मात्र कर्ता सांगावा अशी अपेक्षाच उरत नाही. शासकीय मराठीला ती इतकी प्रिय का, हे त्यावरून उघड आहे.

वार्तापत्रातील लेखाला ह्यांपैकी काहीच चालत नाही. त्याचे मूळ वाक्य 'आम्ही अमुक केले, आणि तमुक झाले' असे असते. पुरुष प्रथम, काळ भूत, आणि कर्ता उघड. ह्याचे कारण शिष्टाचारात नाही, वाचकाच्या गरजेत आहे. त्या वाचकास नियम ठाऊक आहेत. नियम पाळावयास गेले असता काय घडते हे त्याला हवे असते. ते सांगावयाचे तर कोणाच्या बाबतीत, कोठे व केव्हा घडले हे सांगावे लागते, आणि असे सांगितले की कर्ता वाक्यात आपोआप येऊन बसतो. पुस्तिका सूचना देते, निबंध सिद्धान्त मांडतो. हा लेख साक्ष देतो. साक्षीदार निनावी राहून चालत नाही.

साक्षीचा प्रश्न निघाला म्हणजे ज्ञानाचा उगम सांगण्याचा प्रश्न येतो. काही भाषांत तो व्याकरणानेच सोडविलेला आहे. तुर्की भाषेत भूतकाळाचे दोन प्रत्यय आहेत; एक प्रत्यक्ष पाहिलेल्या घटनेसाठी, दुसरा ऐकून अथवा खुणांवरून कळलेल्या घटनेसाठी. तुर्की बोलणाऱ्याला भूतकाळ उच्चारताना ह्यांपैकी एकाची निवड करावीच लागते. मराठीत असे बंधन नाही, पण सोय आहे. 'तो गेला' आणि 'तो गेला म्हणे' ह्यांतील भेद लहान मुलासही कळतो. हा 'म्हणे' क्रियापदाच्या रूपातला असला तरी तेथे तो क्रियापद राहिलेला नाही; वाक्याच्या शेवटी बसून तो बोलणाऱ्याची जबाबदारी हलकी करतो, आणि त्याच वेळी ऐकणाऱ्याला सावधही करतो. औपचारिक लेखनातून मात्र त्याला हद्दपार करण्यात आले आहे. त्यामुळे अनुभवाची, ऐकीव व अनुमानाची अशी तिन्ही प्रकारची विधाने लिखाणात एकाच तोऱ्याने उभी राहतात.

तंत्रलेखकांच्या लेखांत हा घोटाळा फार होतो. परिषदेत कोणी सांगितलेली गोष्ट, पुस्तकात वाचलेली गोष्ट आणि स्वतःच्या टेबलावर घडलेली गोष्ट ह्यांची सरमिसळ होऊन 'लहान पुस्तिका वाचकास अधिक उपयुक्त ठरते' असे एक गुळगुळीत वाक्य तयार होते. हे वाक्य ज्या संशोधनातून निघाले त्याचा इतिहास माहितीचा आहे. जॉन कॅरल ह्यांनी अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या संशोधनकेंद्रात नवशिक्या संगणक-वापरणाऱ्यांचे निरीक्षण केले. ती माणसे पुस्तिका वाचून मग काम करीत नाहीत, काम करता करता अडली म्हणजे पुस्तिका चाळतात, असे त्यांस आढळले. आवश्यक तेवढेच लिहावे, चुकल्यास कसे सावरावे ते लिहावे, असा विचार त्यांनी त्यावरून १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला. परंतु जे कार्यालयातील मजकूर-लेखनाच्या संगणकाबाबत आढळले ते रुग्णालयातील उपकरणाबाबत कितपत लागू पडते? तेथे चुकून मग सावरण्याची मुभा असतेच असे नाही. ह्या प्रश्नाचे उत्तर मूळ ग्रंथात शोधण्यात अर्थ नाही. ते अशा उपकरणाची पुस्तिका प्रत्यक्ष लिहिलेल्या माणसाजवळच असते, आणि ते बाहेर यावयाचे तर बहुधा वार्तापत्राच्या दीड पानातूनच येते. म्हणून तेथे 'हे मी पाहिले', 'हे मी वाचले' आणि 'हा माझा तर्क आहे' ह्या तीन गोष्टी वेगळ्या कळल्या पाहिजेत. मराठी लेखकाने आपला 'म्हणे' परत बोलावला तरी कोणी हरकत घेऊ नये.

एक उदाहरण विस्ताराने घेणे इष्ट आहे. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिका इंग्रजीत लिहिल्या जातात. परंतु त्या वाचणाऱ्या यांत्रिकांपैकी पुष्कळांची मातृभाषा इंग्रजी नसते. ह्या अडचणीवर उपाय म्हणून युरोपातील विमानउद्योगाने एक नियमबद्ध, मर्यादित इंग्रजी तयार केली. तिची मार्गदर्शिका प्रथम १९८६ साली निघाली आणि २००५ पासून ती 'एएसडी-एसटीई १००' ह्या नावाने ओळखली जाते. तिच्यात सुमारे नऊशे मान्य शब्द आहेत, विषयाच्या तांत्रिक संज्ञा वेगळ्या. कृती सांगणाऱ्या वाक्यात वीसहून अधिक व वर्णनपर वाक्यात पंचवीसहून अधिक शब्द नसावेत असा दंडक आहे. शब्दाला शक्यतो एकच अर्थ व एकच व्याकरणिक वर्ग दिलेला आहे. उदाहरणार्थ, 'फॉलो' ह्या क्रियापदाचा अर्थ 'मागून येणे' एवढाच. 'सूचनेप्रमाणे वागणे' ह्या अर्थी ते वापरावयाचे नाही, तेथे 'ओबे' हे क्रियापद येते. 'टेस्ट' हे केवळ नाम. 'टेस्ट करणे' ह्या अर्थाचे इंग्रजी क्रियापद म्हणून ते वर्ज्य.

आता असे समजावे की, ह्या नियमांनी प्रभावित होऊन एखाद्या तंत्रलेखकाने शेतीपंपाच्या मराठी पुस्तिकेसाठी तसाच प्रयत्न केला. मराठीत त्याला पहिली अडचण 'लावणे' ह्या क्रियापदाची येईल. दिवा लावतात, झाड लावतात, दार लावतात, कुलूप लावतात, मलम लावतात, फोन लावतात आणि गाडी झाडाखाली लावतात. दार लावले की बंद होते, दिवा लावला की सुरू होतो. बोलण्यात ह्याचा कधी त्रास होत नाही, कारण नामच क्रियापदाचा अर्थ ठरविते. परंतु नाम यंत्राचे असले म्हणजे हा आधार डळमळतो. 'मोटर लावा' म्हणजे ती जागेवर बसवा, की कळ दाबून चालू करा? 'व्हॉल्व लावा' म्हणजे तो नळास जोडा, की फिरवून बंद करा? 'काढणे' ह्याचीही तीच तऱ्हा. झाकण काढतात, पाणी काढतात, चित्र काढतात आणि भांडणही काढतात. 'नळीतील हवा काढा' आणि 'नळी काढा' ही वाक्ये शेजारी आली तर काय काढावयाचे ह्याविषयी घाईत असलेल्या माणसाचा गोंधळ होऊ शकतो.

ह्या विषयावर दोन प्रकारचे लेख लिहिता येतील. पहिल्यात नियंत्रित भाषेचे महत्त्व, तिचा इतिहास, तिचे फायदे आणि ती सर्वांनी अंगीकारावी असे आवाहन असेल. तो लेख कोणीही, कोठेही बसून लिहू शकेल. दुसऱ्या लेखाची सुरुवात अशी होईल की, अमुक पुस्तिकेत 'लावणे' हे क्रियापद इतक्या वेळा आले होते; त्यांपैकी इतक्या जागी ते संदिग्ध ठरले; तेथे 'बसवा', 'जोडा', 'सुरू करा' व 'बंद करा' असे चार शब्द वाटून दिले. नंतर नवी पुस्तिका वापरणाऱ्यांपुढे ठेवली तेव्हा एका जागी उलट परिणाम झाला, कारण शेतकऱ्याच्या बोलीत 'मोटर लावणे' हाच 'मोटर सुरू करणे' ह्याचा रूढ शब्द होता व पुस्तिकेतील शब्द त्याला कचेरीतला वाटला. मग लेखकाने काय केले, रूढ शब्द परत घेतला की नवा रेटला, आणि त्याची किंमत काय पडली, हे त्याने सांगावे. ह्या लेखात सिद्धान्त फारसा नाही; आकडेही थोडे आहेत. पण हा वाचणारा तंत्रलेखक दुसऱ्या दिवशी आपल्या पुस्तिकेतील 'लावणे' शोधू लागेल. नियमाची धार जेथे बोथट झाली ती जागा ह्या लेखात दाखविलेली असते, आणि वाचकाला हवी असते ती नेमकी तीच.

येथे प्रस्तावनेविषयी एक गोष्ट सांगावयास हवी. प्राग येथील भाषाशास्त्रीय मंडळाचे संस्थापक व्हिलेम माथेसियुस ह्यांनी वाक्यात ज्ञात भाग कोणता व नवा भाग कोणता ह्याचा विचार रूढ केला. पुढे तो संपूर्ण संहितेलाही लावण्यात आला. सूचनापुस्तिकेत ज्ञात भाग जवळजवळ शून्य धरावा लागतो; वाचकास खिळ व नट ह्यांतील फरकही माहीत नाही असे मानून लिहिणे सुरक्षित असते. वार्तापत्रात ह्याच्या उलट, लेखक व वाचक ह्यांचे सामाईक ज्ञान फार मोठे असते. तरीही तंत्रलेखक सवयीने शून्यापासून सुरुवात करतो. सूची म्हणजे काय, सूचीचे उपयोग काय, चांगल्या सूचीची लक्षणे कोणती असे तीन परिच्छेद झाल्यावर चौथ्यात त्याने स्वतः केलेल्या सूचीची हकीकत सुरू होते. संपादकाने पहिले तीन खोडले तर लेखक दुखावतो. पण लेख त्या चौथ्यापासूनच सुरू होत असतो. हजार-बाराशे शब्दांच्या मर्यादेत तीनशे शब्द उंबरठ्यावर खर्च करणे परवडण्यासारखे नाही.

अपयश सांगण्याची अडचण निराळी आहे. भाषेपेक्षा तिचा संबंध नोकरीशी अधिक असतो. तंत्रलेखक बहुधा कोणा कंपनीचा नोकर असतो आणि त्याच्या हातातील यंत्र बाजारात येण्यापूर्वीचे असते. त्याने गुप्ततेच्या करारावर सही केलेली असते. भारतात पुणे, बेंगळूरु, हैदराबाद येथील सॉफ्टवेअर कंपन्यांत हे काम करणाऱ्यांची स्थिती हीच आहे. त्यातच १९५७ च्या भारतीय लेखाधिकार कायद्याच्या सतराव्या कलमानुसार, नोकरीच्या ओघात केलेल्या लेखनाचा पहिला स्वामी, उलट करार नसल्यास, मालक असतो. म्हणजे आपण लिहिलेले पान उदाहरण म्हणून दाखविण्याचाही अधिकार लेखकाकडे सहसा नसतो. ह्या भीतीने लेखक सगळेच तपशील गाळतो आणि पुन्हा त्या गुळगुळीत वाक्यापाशी येऊन थांबतो.

ह्यावर वाट आहे. गुप्त असतात ती उत्पादनाची नावे, आकडे व योजना. अडचणीचा आकार गुप्त नसतो. 'लावणे' ह्या क्रियापदाची अडचण कोणत्याही कंपनीच्या मालकीची नाही. यंत्र बदलून, नावे गाळून, परंतु वाक्यरचना जशीच्या तशी ठेवून उदाहरण नव्याने रचता येते, आणि ते रचलेले आहे असे एका वाक्यात सांगितले म्हणजे प्रामाणिकपणालाही बाध येत नाही. ज्याच्या हाताखाली काम चालते त्या अधिकाऱ्यास मसुदा आधी दाखविणे हे तर केव्हाही शहाणपणाचे. नकार आला तर तो लेख छापून झाल्यावर येण्यापेक्षा आधी आलेला बरा.

संपादकाचे काम ह्या क्षेत्रात मोठे विचित्र होते. त्याचा प्रत्येक वाचक चुका शोधण्याचेच वेतन घेणारा असतो; स्वल्पविराम चुकल्यास येथे जितके डोळे त्यावर पडतात तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या पत्रात पडत असतील. त्यामुळे संपादक प्रथम शुद्धलेखन व मांडणी ह्यांकडे वळतो, आणि आशयाबद्दल विचारावयाचे राहून जाते. वास्तविक त्याने लेखकास विचारावयाचे प्रश्न फार थोडे आहेत : हे कोठे घडले? तुम्ही तेव्हा काय केले? आता पुन्हा करावयाचे झाल्यास काय बदलाल? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा लेखकाने लेख पाठविताना जोडलेल्या पत्रात सापडतात, लेखात नव्हे. पत्र लिहिताना तो मोकळेपणी 'आमची फजिती झाली' असे लिहितो. लेखात त्याचेच 'काही आव्हाने उद्भवली' असे होते. जुन्या संपादकांनी लेख बाजूस सारून ते पत्रच छापावे असा मोह त्यांस झाला असल्यास नवल नाही.

२०२२ च्या अखेरीपासून ह्या प्रश्नाला एक नवे अंग आले आहे. संगणकास विषय सांगितला असता तो क्षणार्धात सुबक, शुद्ध व क्रमवार लेख तयार करून देतो. 'नियंत्रित भाषेचे फायदे' हा लेख आता कोणा माणसाने लिहिण्याची आवश्यकताच राहिलेली नाही, आणि तसा लेख संपादकाकडे आल्यास तो कोणी लिहिला हे शैलीवरून ओळखणेही कठीण आहे. ह्या यंत्रनिर्मित गद्याची लक्षणे पाहिली तर तीच आढळतात : कालनिरपेक्ष वर्तमानकाळ, अदृश्य कर्ता, आणि पाहिलेले, वाचलेले व तर्कलेले ह्यांतील भेदाचा लोप. नवे येथे काही नाही. तंत्रलेखक जे अनेक वर्षे सवयीने लिहीत आला, तेच यंत्र आता त्याच्याहून जलद लिहिते. त्याच्याजवळ उरते ते यंत्राजवळ नसलेले, म्हणजे अमुक दिवशी, अमुक वाचकापुढे, अमुक वाक्य कोसळले ही आठवण. तिच्यासाठी भाषेत 'मी' किंवा 'आम्ही' लागतो. व्यवसायाने तो शब्द लेखकाच्या हातून काढून घेतला होता. वार्तापत्रात तो परत मागावा लागतो.

मराठीत विज्ञान सोपे करून सांगणाऱ्या नियतकालिकांची परंपरा चांगली आहे. पुण्याचे 'सृष्टिज्ञान' १९२८ पासूनचे, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासूनची. परंतु तेथील लेखक जाणता व वाचक जिज्ञासू असे नाते असते. जाणत्याने जाणत्यास आपली फसगत सांगावी असे हे लेखन नव्हे. पुण्यातील तंत्रलेखक दिवसभर इंग्रजीत लिहितो, परदेशातील वापरणाऱ्यासाठी लिहितो, आणि व्यवसायाविषयी काही लिहावेसे वाटलेच तर तेही इंग्रजीतच लिहितो. बँकांच्या, रेल्वेच्या व शासनाच्या संगणकीय सेवांचे मराठी मजकूर मात्र आज लाखो लोक वाचतात. त्यांत 'सबमिट'साठी 'सादर करा' असावे की 'पाठवा', 'लॉग आउट'साठी 'बाहेर पडा' चालेल काय, हे निर्णय रोज कोणीतरी घेतच असते. ते का घेतले, ह्याची नोंद सहसा कोठेही राहत नाही, आणि पुढच्या माणसास तोच विचार पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

नोंद राहणे किती अनिश्चित असते ते अलीकडे दिसून आले. सत्तर वर्षांहून अधिक काळ चाललेली 'सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन' ही संस्था २०२५ च्या जानेवारीत बंद झाली. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्याच्या सातव्या प्रकरणाखाली ती विसर्जित करण्याचे तिने जाहीर केले. त्या कायद्याखाली संस्थेची मालमत्ता धनकोंची देणी भागविण्यासाठी विश्वस्ताच्या हाती जाते, आणि नियतकालिकांचे जुने अंक व त्यांचे हक्क हीदेखील मालमत्ताच असते. विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी तिचे संशोधनपर नियतकालिक बांधून ठेवले आहे, त्यामुळे निबंधांची चिंता नाही. शाखांची चार-आठ पानी वार्तापत्रे मात्र ग्रंथालये सहसा जपत नसत. ती आता कोणा निवृत्त सभासदाच्या कपाटात असतील तर असतील. ज्या लेखांत माणसांनी आपली पुस्तिका कोठे फसली हे स्वतःच्या नावाने लिहिले होते, ते त्याच पानांवर आहेत. लेखाच्या शेवटी तिरप्या अक्षरांत लेखकाचे नाव, गाव आणि तो कशाच्या पुस्तिका लिहितो हे सांगणारी दोन ओळींची टीप आहे.